विंचवाचं खरं नाव

माझा भाऊ यामिल बाल्देलामार याने आयुष्यात तीन माणसांना भाजलं, आणि तिन्ही वेळा एकाच सोल्डरगनने. पहिला त्याचा मेहुणा, म्हणजे माझा नवरा. त्याबद्दल मी अजूनही म्हणते, बरं झालं. दुसरा एक गिऱ्हाईक, दुरुस्त केलेला टीव्ही परत आणून "तूच बिघडवलास" म्हणणारा. तिसरा रोके तोर्रेनेग्रा, त्याची हकिकत पुढे येतेच आहे. राग आमच्या घरात पिढीजात. आमची आई कोंबडी कापताना कोंबडीशी भांडायची. मीही काही गरीब गाय नाही. कार्ताहेना बंदराच्या या खाजणाकाठच्या वस्तीत सव्वीस वर्षं तळणीचा गाडा चालवते, आणि कढईतलं तेल मी दोनदा माणसांवर फेकलेलं आहे. दोघंही त्यानंतर शिस्तीत रांगेत उभे राहायला लागले.

यामिल मात्र रागीट असूनही हाताचा फार हळुवार. जाडजूड माणूस, मान नाहीच, पण तांदळाएवढा सुटा भाग चिमट्यात धरला की हात जराही हलायचा नाही. रेडिओ, टीव्ही, पंखे, लोकांचे मोबाइल, सगळं त्याच्या दुकानात यायचं. पण जीव अडकला होता पिकोत.

आमच्याकडे रविवारची दुपार म्हणजे पिको. घराएवढी उंच स्पीकरची भिंत, तिच्यावर चमकत्या रंगांत काढलेलं चित्र, चार भिंतींचं उघडं अंगण आणि त्यात घामाने निथळणारी पाचशे माणसं. ओविदियो तोर्रेनेग्राच्या पिकोचं नाव 'एल खाबाली', रानडुक्कर. पुढच्या बाजूला सुळे काढलेलं, तोंडातून रक्त गळणारं डुक्कर. खालचा ठोका सुटला की पोटातलं पाणी हलायचं, आणि दर रविवारी त्या ठोक्याबरोबर कुणाची तरी सुरी बाहेर यायची. मी फाटकापाशी गाडा लावायची. नाचून दमलेले माझ्याकडे अरेपा, म्हणजे मक्याच्या तळलेल्या जाड पुऱ्या, खायला यायचे, आणि भोसकलेलेही आधी माझ्याच टेबलावर आणून टाकायचे, कारण दुसरं टेबलच नव्हतं. त्याच टेबलावर मी पीठ मळायची. पुसून.

पिकोची इज्जत कशात? जे गाणं दुसऱ्याकडे नाही त्यात. पूर्वी बंदरात जहाजं लागली की खलाशी आफ्रिकेतल्या तबकड्या आणायचे. तबकडी हाती आली की ओविदियो पहिलं काम करायचा ते म्हणजे ब्लेडने मधल्या कागदावरचं नाव खरवडणं. गायक, गाणं, कंपनी, सगळं साफ. खरं नाव दुसऱ्याला कळलं की तो कुठून तरी तेच गाणं मिळवणार, आणि मग तुमच्या इज्जतीची माती. मग लोकच गाण्याला नाव द्यायचे: सासूबाई, बकरी, तुटकी चप्पल. शब्द कुणाला कळत होते! ओविदियोचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं 'विंचू'. त्यातली गिटार अशी नांगी मारायची की शांत माणूसही शर्ट काढून फेकायचा. ते संबंध किनाऱ्यावर फक्त रानडुकराकडे होतं. त्यासाठी दोघांचे जीव गेलेत, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

दोनशे तबकड्या, एकीवरही नाव नाही, पण ओविदियो कधी चुकला नाही. कडेला भाजलेली ती बकरी, तीन ओरखडे ती सासूबाई. लोक म्हणायचे, काय डोकं आहे! मला कारण ठाऊक होतं. तो आणि मी एकाच शाळेत. तिसऱ्या आठवड्यात तो मास्तरांच्या हाताला चावून पळाला तो पुन्हा फिरकलाच नाही. माझ्या गाड्यावर आजच्या पदार्थांची पाटी असते. सव्वीस वर्षं तो पाटीसमोर उभा राहून विचारायचा, "एनिल्दा, आज काय आहे गं?" मी सांगायची. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. एकाने बोलून पाहिलं होतं. त्याला अजूनही मी मऊ गाभ्याचंच वाढते, कारण पुढचे दात नाहीत.

तर तबकड्या झिजायला लागल्या. विंचवाची नांगी बोथट झाली, खरखर वाढली. आणि पलीकडच्या वस्तीतला पिको 'मारिस्काल' संगणकावर गेला होता. ओविदियो यामिलच्या दुकानात आला.

"मला तबकडीचाच आवाज पाहिजे," तो म्हणाला, "पण तबकडी नको."

"मालक, संगणकातला आवाज म्हणजे नुसते आकडे असतात," यामिल म्हणाला. "त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करावा लागतो. बाजारातली यंत्रं ते करतात, पण विंचवाचं झुरळ करून टाकतात."

"मग तू कर."

"करतो. पण मध्ये मध्ये येऊन डोकं खाल्लंत तर घरी जायचं."

असं ओविदियोला बोलू शकणारा वस्तीत हा एकटाच.

पहिला डबा त्याने खाऱ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. एक तळहाताएवढा संगणक, त्यात सगळी गाणी. शेजारी आकड्यांचा आवाज करणारी चिप. आणि या दोघांना वीज द्यायला एक मोबाइलचा चार्जर. प्रत्येक तबकडी त्याने स्वतः धुतली, वाजवली आणि डब्यात भरून घेतली. फायलींनाही लोकांनी दिलेलीच नावं टाकली. खरी नावं त्यालाही ठाऊक नव्हती.

पहिल्या रविवारी गाणं सुरू झालं आणि त्यामागून घूंऽऽ असा आवाज आला, मच्छर कानात शिरल्यासारखा. पाचशे माणसांनी ऐकला. पहिली बाटली डुकराच्या सुळ्यावर फुटली, दुसरी गाणी लावणाऱ्याच्या कपाळावर. मग बाटल्या मोजायचं कारणच उरलं नाही. ओविदियोने सगळ्यांसमोर यामिलच्या मुस्कटात मारली. यामिलने मालकाला हात लावला नाही, पण ओविदियोचा धाकटा भाऊ रोके दात काढून हसत होता, त्याच्या दंडावर तापलेली सोल्डरगन टेकवली. मांस करपल्याचा वास माझ्या कढईपर्यंत आला. त्या दिवसापासून रोके माझ्या भावाच्या मागे हात धुवून लागला.

"चूक चार्जरची आहे," दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने यामिल मला सांगत होता. "घाणेरडी वीज, ताई. घाणेरड्या तेलात तळल्यासारखं झालंय."

"मग तेल बदल की मेल्या!"

त्याने बदललं. तांब्याची तार घेऊन स्वतः दोन ट्रान्सफॉर्मर गुंडाळले, एक संगणकाला, एक चिपला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मध्ये पत्र्याची भिंत घातली. मच्छर मेला. मग त्याला वाटलं, ठोका जरा सैल आहे. तर त्याने आकड्यांचा ताल धरणारं आतलं घड्याळ काढून दुसरं, नेमकं घड्याळ बसवलं. महिनाभर तो त्या एका टाचणीएवढ्या भागाशी बोलत होता. जेवायला हाक मारली तर शिव्या घालायचा. मी ताट त्याच्या डोक्यावर उपडं केलं एकदा, नारळीभात आणि तळलेल्या माशासकट. तो भात झटकत म्हणाला, "ऐक, ऐक जरा." आणि विंचू लावला.

मी भांडायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. गिटारवाल्याचं बोट तारेवरून घसरल्याचं ऐकू येत होतं. कुणीतरी मागे खाकरत होतं, इतक्या वर्षांत कधी ऐकू न आलेलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

त्या रविवारी रानडुकराने शेजारच्या घराचे पत्रे उडवले. ठोका इतका कोरडा आणि घट्ट की छातीवर हातोडा बसावा. लोक वेडे झाले. तीन सुऱ्या निघाल्या, एकाचा कान गेला, एका नवऱ्याने बायकोच्या मित्राला कुंपणाच्या तारेत गुंडाळलं. ओविदियोने यामिलला उचलून खांद्यावर घेतलं, एवढ्या जाड माणसाला. ओरडत होता, "हा माझा भाऊ! आजपासून हा माझा भाऊ!" रोके खाली उभा राहून बघत होता.

इथपर्यंत ठीक होतं. पण मारिस्कालने पुढच्या बाजूला एक मोठा दिव्याचा पडदा लावला, लाटा आणि रंग फिरणारा. झालं. ओविदियोला झोंबलं.

"मलाही पडदा पाहिजे. त्याच्यापेक्षा मोठा. लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे."

"पडद्याने आवाज सुधारत नाही, मालक."

"तू लाव."

यामिलने लावला. डुकराच्या बरोबर कपाळावर. डब्यातली प्रणालीही नवी घातली, कारण जुनीला पडदा झेपत नव्हता. ही नवी प्रणाली फार हुशार. गाणं वाजायला लागलं की ती आवाज हुंगते, इंटरनेटवर जगभर शोधते, आणि गाण्याचं नाव, गायकाचं नाव, तबकडीचं चित्र आणून पडद्यावर लावते. यामिलच्या दुकानात इंटरनेट नव्हतं, म्हणून तिथे पडद्यावर नुसते रंग दिसले. अंगणात रोकेच्या मोबाइलचं इंटरनेट डब्याला जोडलेलं होतं, लोकांच्या फर्माइशींसाठी.

यामिल कायम स्पीकरच्या मागे, तारांच्या गुंत्यात. मी फाटकापाशी, बाजूने. मला फक्त निळा उजेड दिसायचा. आणि पडद्याच्या समोर, छाती काढून, हातात बिअर घेऊन, अभिमानाने वर बघत कोण उभा? ओविदियो. तीन रविवार तो त्या पडद्यासमोर उभा होता. तीन रविवार विंचवाचं खरं नाव त्याच्या डोक्यावर वीत-वीतभर अक्षरांत झळकत होतं, आणि समोर पाचशे मोबाइल वर धरलेले. स्पीकर वाहणाऱ्या हमालांनी वाचलं, त्यांना वाटलं मालकाचीच मर्जी. रोकेने वाचलं, त्याला समजलंही. पण भावाला "तुला दिसत नाही का?" विचारणं म्हणजे काय विचारणं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मिठाची गुळणी धरली. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं.

चौथ्या रविवारी दोन्ही पिको समोरासमोर लागले. पहिली पाळी मारिस्कालची. त्यांनी पहिलंच गाणं लावलं ते विंचू.

आधी कुणाला समजेना. लोक रानडुकराकडे बघायला लागले, ते तर गप्प होतं. मग मारिस्कालचा बोलणारा माइकवर हसला, "कसा चावला रे विंचू, डुकरा?" ओविदियोचा चेहरा मी पाहिला. पोटात सुरी गेलेल्या माणसाचा चेहरा मी बऱ्याचदा पाहिलेला आहे, तोच. त्यानंतर जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमी पडेल. खुर्च्या, बाटल्या, कोयते. आमच्या बोलणाऱ्याचं डोकं फुटलं. माझा गाडा उलटला आणि उकळतं तेल मातीत गेलं. कुणाच्या पायावरही गेलं असेल, मी बघितलं नाही. मारिस्कालच्या एकाची आतडी हातात आली होती. तो ती शर्टात धरून चालत फाटकाबाहेर गेला, जसा काही बाजारातून भाजी घेऊन निघालाय.

सोमवारी सकाळी दहाला ओविदियोची माणसं यामिलच्या दुकानात शिरली. चार जण. त्याने सोल्डरगन उचलली, पण ती थंड होती. केस धरून त्याला ओविदियोच्या अंगणापर्यंत फरपटत नेलं, भर रस्त्यातून. मला कुणीतरी ओरडून सांगितलं. मी झारा हातात घेऊनच धावले.

अंगणात बारा माणसं. पिको अजून उभाच होता. यामिलचा उजवा हात एका स्पीकरच्या खोक्यावर दाबून धरलेला, दोघांनी. रोकेच्या हातात कोयता, दंडावर माझ्या भावाने दिलेला डाग. ओविदियो समोर खुर्चीवर.

"मी तुला भाऊ म्हटलं," ओविदियो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हटलं."

"मी विकलं नाही, मालक. मला नावच ठाऊक नाही, विकू काय?"

"गाणी तुझ्याकडे. डबा तुझा. मग काय डुकराने विकलं?"

"तोडू?" रोके म्हणाला.

मला फाटकातच दोघांनी अडवलं. मी एकाच्या नाकावर झारा हाणला, रक्त आलं, पण त्याने सोडलं नाही.

यामिल अगदी शांत होता. तो म्हणाला, "तोडायचाच असेल तर तोडा. पण आधी एकदा विंचू लावा. मी आयुष्यभर मागून ऐकलं. एकदा समोरून ऐकू द्या."

मरणाऱ्याला शेवटचं गाणं द्यायची आमच्याकडे रीतच आहे. दफनालाही पिको लागतो. ओविदियोने मान हलवली. कुणीतरी डबा चालू केला. गिटार सुरू झाली, त्या बोट घसरण्यासकट, आणि खरं सांगते, कोयता धरलेल्या माणसाचाही पाय हलला. यामिल डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने डोळे उघडून वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याने स्वतःचा पडदा समोरून पाहिला.

तो एकदम ताठ झाला. पडद्याकडे बघितलं, ओविदियोकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग अगदी हळू म्हणाला, "मालक, जरा जवळ या. कान द्या इकडे."

"मोठ्याने बोल," रोके म्हणाला.

"मालक, फक्त तुम्ही. कृपा करा."

ओविदियो उठला. आला. त्याच्यावर वाकला.

आणि मी वर पाहिलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. मी गळा फाडून ओरडले, "अरे मुडद्यांनो, वर बघा! लिहिलंय तिथे! 'म्वाना या लिबोंगो', गायक पापा एदिंगा! चित्रासकट लिहिलंय! तुझ्याच पडद्यावर, तुझ्याच कपाळावर, ओविदियो! तीन रविवार खाली उभा राहून काय बघत होतास? वाचता येत नाही तर पडदे कशाला पाहिजेत तुला?"

गाणं चालूच होतं. ओविदियो वाकलेला सरळ झाला. त्याने पडद्याकडे बघितलं, खूप वेळ, आणि मग एकेका माणसाकडे. सगळ्यांनी माना खाली घातल्या, रोकेनेही. त्या माना खाली गेल्या तेव्हाच त्याला सगळं कळलं: किती जणांनी वाचलं होतं, आणि किती जणांना त्याचं गुपित ठाऊक होतं.

"मला वाचता येतं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा होता.

रोकेने कोयता खाली केला होता. ओविदियोने तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि मारला. एकदाच. यामिलने हात मागे ओढला म्हणून अंगठा वाचला. पहिली दोन बोटं खोक्यावर राहिली. मग ओविदियो पडद्यावर धावला, मग डब्यावर, मग डुकराच्या तोंडावर, आणि विंचू मध्येच तुटला.

मी ॲप्रनमध्ये हात गुंडाळून भावाला दवाखान्यात नेलं. शुक्रवारी ओविदियोने अंगणात पेट्रोल ओतून सगळा पिको जाळला, दोनशे तबकड्यांसकट, आणि कुठे निघून गेला ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही.

वस्तीत माझं नाव झालं. एनिल्दाने भावाचा जीव वाचवला. बारा कोयत्यांसमोर बाई एकटी उभी राहिली. (कोयता एकच होता.) गाड्यावर येणारा प्रत्येक जण यामिलसमोर हेच सांगतो, आणि मीही सांगू देते, कधी कधी चार शब्द वाढवूनही सांगते. यामिल ऐकून घेतो. तो आता डाव्या हाताने सोल्डर करायला शिकतोय, नवा डबा बांधतोय, कुणासाठी ते सांगत नाही. उजव्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत तार ठरत नाही, म्हणून ती मी धरते. माझा हात हलतो, तो शिव्या घालतो, मी घालते.

परवा मी तार धरून बसले होते. गिऱ्हाईक नुकतंच माझं कौतुक करून गेलं होतं, आणि मी अजून त्याच तोऱ्यात होते. यामिल कामातून मान वर न करता म्हणाला, "ताई, तो वाकला होता."

मी म्हटलं, "कोण?"

"मालक. कान देऊन वाकला होता." त्याने डाख दिला, फुंकर मारली. "तार सोड आता, चिकटली."